वयनींच्या दारात मार्गाचा पथ होतो

खारेबंदरात एखादी बातमी संध्याकाळपर्यंत गावभर पोचवायची असेल, तर ती सकाळी लक्ष्मीवयनींना गुपित म्हणून सांगतात. वयनींना हे ठाऊक आहे. त्यांना त्याचं वाईट वाटत नाही. उलट एखादी बातमी त्यांच्याकडे न येता परस्पर गावात फिरली, तर मात्र त्या रुसतात आणि ब्लाउज वेळेवर देत नाहीत.

दुकानाचं नाव ‘गुरुदास टेलर्स’. गुरुदास म्हणजे त्यांचे यजमान, ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. जेटीपासून एस.टी. स्टँडपर्यंत जाणारा गावातला एकच मोठा रस्ता, त्याच्या अगदी मधोमध हे दुकान आहे. एक दरवाजा, एक खिडकी, दोन मशिनी आणि बाहेर एक बाकडं. बाकड्यावर बसणाऱ्याला काही शिवून घ्यायचं असलंच पाहिजे, अशी अट नाही.

या रस्त्याला आम्ही नुसतं ‘रोड’ म्हणतो. ‘रोडार जावन येतंय’ म्हटलं की घरच्यांना कळतं. पण सरकारदरबारी रस्त्याला नाव लागतं, आणि नाव म्हटलं की आमच्या पुढाऱ्यांना स्फुरण चढतं. इंग्रजांच्या काळात बर्नेट नावाच्या कुणा साहेबाने तो बांधून घेतला म्हणून तो बर्नेट रोड. स्वातंत्र्य आलं तसा बर्नेटसाहेब गेला आणि महात्मा गांधी मार्ग आला. आणीबाणी उठल्यावर गावात समाजवादी मंडळींचा जोर झाला. त्यांनी गांधीजींबद्दल संपूर्ण आदर व्यक्त करून रस्त्याचं नाव क्रांती मार्ग केलं. पुढे क्रांतीवाले गुडघेदुखीने बेजार झाले, तरुणांच्या गळ्यात भगवी उपरणी आली, आणि क्रांती मार्गाचा स्वराज्य मार्ग झाला. मग पर्यटन आलं. निळ्या पाटीवर उडी मारणारा डॉल्फिन काढून ‘सागरी पर्यटन मार्ग’ असं लिहिलं गेलं. डॉल्फिनच्या शेपटीखाली कुणीतरी खडूने ‘पुढे रस्ता खराब’ असंही लिहून ठेवलं होतं, ते मात्र कुणी पुसलं नाही.

वयनी लग्न होऊन आंबोलीहून खाली आल्या तेव्हा क्रांती मार्ग होता. समुद्र त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला आणि सुक्या मासळीच्या वासाने आठ दिवस जेवल्या नाहीत. गुरुदास पक्का समाजवादी. दिवसभर कपडे शिवायचा आणि सणासुदीचे कपडे शिवावेत तशा हौसेने पक्षाचे झेंडे शिवायचा. बायकोला त्याने मशीन शिकवली तीही झेंड्यांवरच. कडा सरळ आली पाहिजे, नाहीतर वाऱ्यावर सगळ्या गावाला दिसते, असं तो सांगायचा. वयनींची कडा कधीच सरळ यायची नाही.

स्वराज्याची लाट आली तेव्हा चार पोरं भगव्या कापडाचा तागा घेऊन दुकानात आली. गुरुदासने त्यांना चहा पाजला आणि तागा परत दिला. आपण हे शिवणार नाही, असं त्याने शांतपणे सांगितलं. पोरं रस्त्यावर उतरली, तोवर वयनी मागच्या दाराने वळसा घालून त्यांना आडव्या गेल्या आणि तागा दुकानामागच्या घरात घेऊन आल्या. स्वयंपाकघरातल्या हातमशिनीवर त्यांनी ते झेंडे शिवायला घेतले. गुरुदासला मशिनीचा आवाज ऐकू येत होता. त्या दिवशी जेवताना त्याने दुसऱ्यांदा आमटी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने शिवून ठेवलेल्या गठ्ठ्यातला एक झेंडा सहज उचलला, उजेडात धरला आणि कडा बघितली. विचाराचं दुःख त्याने सोसलं असतं, पण ती कडा त्याला सोसली नाही. त्याने सगळे झेंडे उसवले आणि एकेक करून स्वतः सरळ शिवले. तेव्हापासून ‘गुरुदास टेलर्स’ सर्वपक्षीय झालं.

उरलेलं कापड वयनी कधी टाकत नसत. त्याची बाळांची दुपटी व्हायची, पायपुसणी व्हायची, उशांचे अभ्रे व्हायचे. आमच्या घरी अजून एक उशी आहे, तिच्या एका बाजूला क्रांती आहे आणि दुसऱ्या बाजूला स्वराज्य. झोप दोन्हीकडे सारखीच लागते.

मग भाऊसाहेब हडकरांचे दिवस आले. भाऊसाहेब आयुष्यात सगळ्या पक्षांत राहून आले होते. त्यामुळे शेवटी त्यांनी स्वतःचाच पक्ष काढला, खारेबंदर विकास आघाडी. झेंडा आंबापिवळा. गावाला नळ त्यांनी आणले, कॉलेज आणलं, मासळी बाजाराला छप्पर घातलं. माणूस कामाचा होता, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य केलं, अर्थात ते गेल्यावर. सत्यवान आणि दत्तप्रसाद हे त्यांचे दोन उजवे हात. दोघेही उजवेच असल्यामुळे भाऊसाहेबांच्या पश्चात ते एकमेकांशी जुळले नाहीत. आघाडी फुटली. सत्यवानच्या बाजूने कंसात ‘मूळ’ लावलं, दत्तप्रसादच्या बाजूने ‘अस्सल’ लावलं. झेंडा दोघांचा तोच, आंबापिवळा. वयनींकडे दोन्हीकडची माणसं झेंडे शिवायला यायची आणि एकाच ताग्यातून आपापला खरा झेंडा घेऊन जायची.

एव्हाना गावाची नगरपंचायत झाली होती. करोना सरल्यावर निवडणूक लागली आणि वयनींचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला. सत्यवान घरी येऊन म्हणाला की वयनींनी मूळकडून उभं राहावं, त्यांना काहीएक करावं लागणार नाही, फक्त सही करायची. त्याच संध्याकाळी दत्तप्रसाद आला आणि म्हणाला, अस्सलकडून उभ्या राहा, नुसती सही. वयनींना उमेदवारीचा आनंद झाला होता, पण हे ‘काहीएक करावं लागणार नाही’ त्यांना झोंबलं. आयुष्यात त्यांना कुणी असं कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी अपक्ष अर्ज भरला. चिन्ह मागितलं शिलाई मशीन, आणि तेच मिळालं.

प्रचाराला त्या कुठे गेल्याच नाहीत. गावातल्या बायकाच दुकानात येत होत्या. प्रत्येकीचं माप वयनींना तोंडपाठ, आणि ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बाकीची सगळी गुपितं त्या गावभर करतात, पण कुणाची कंबर किती हे त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही. बायकांनी एवढ्या एका गोष्टीवर त्यांना निवडून दिलं, असं माझं मत आहे.

निकाल लागला तेव्हा मूळ आणि अस्सल यांच्या जागा अगदी बरोबरीत, आणि मध्ये एकट्या लक्ष्मीवयनी.

पहिलाच मोठा प्रश्न आला तो रोडच्या नावाचा. डॉल्फिन जाऊन भाऊसाहेब येणार, याबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत होतं. भांडण वेगळंच होतं. सत्यवानच्या गटाचा ठराव होता ‘भाऊसाहेब हडकर मार्ग’. दत्तप्रसादच्या गटाचा ठराव होता ‘लोकनेते भाऊसाहेब हडकर पथ’. पथ हा शब्द भारदस्त आहे, मार्ग गल्लीबोळालाही लावतात, असं अस्सलवाल्यांचं म्हणणं. पथावर माणूस चालतो, भाऊसाहेबांचा दर्जा वाहनाचा होता, असं मूळवाल्यांचं म्हणणं. खरी गोष्ट सगळ्यांना माहीत होती. ज्याचा ठराव पास होईल तो अनावरणाला पडद्याची दोरी ओढणार, आणि पाटीवर खाली बारीक अक्षरांत त्याचं नाव येणार.

त्यानंतरचा महिना वयनींच्या आयुष्यातला फार सुखाचा गेला. सत्यवानच्या बागेतले काजूगर आले. दत्तप्रसादच्या माणसांनी दुकानासमोरचं डबकं भरून दिलं. छपराच्या पावळीचा गळका पत्रा कुणी बदलला ते वयनींना अजून नक्की माहीत नाही. बाकड्यावर एरवी कामाशिवायची माणसं बसायची, आता नगरसेवक बसू लागले. वयनींनी कुणाकडे काही मागितलं नाही, पण कुणाला अडवलंही नाही. दोघांपैकी कुणीही मताचा विषय काढला की त्या गोड हसायच्या आणि ‘बघूया’ म्हणायच्या.

मग एके दिवशी एकापाठोपाठ एक दोन माणसं पडद्याचं माप घेऊन दुकानात आली. एक मार्गाच्या पाटीचं, एक पथाच्या पाटीचं. वयनींची मुलगी अपेक्षा शेजारच्या गावात शिक्षिका आहे. ती नेमकी तेव्हा शाळेतून परत आली होती. माणसं गेल्यावर तिने दार लोटून घेतलं.

“आई, तू दोघांकय हो म्हटलंस?”

“मी हो खंय म्हटलंय? मी ‘बघूया’ म्हटलंय.”

“तुझां ‘बघूया’ लोकांका ‘हो’ वाटता. तू हसतंस म्हणान.”

  अपेक्षाने विचारलं की आता सभेत काय करणार, त्यावर वयनींनी सांगितलं की आंबोलीला बहिणीकडे जाऊन येईन म्हणते, तिची तब्येत बरी नसते. मावशीची तब्येत उत्तम आहे, कालच फोन झाला, असं अपेक्षाने सांगितलं. मग वयनींनी दोन्ही पडदे शिवायला घेतले. कापड एकाच ताग्यातलं. हात कामात असला की सुचतं, असा त्यांचा अनुभव होता. या वेळी पडदे शिवून झाले तरी काही सुचलं नाही.

सभेच्या दिवशी त्या ठेवणीतली साडी नेसून गेल्या. सभागृहात पंखे फिरत होते. दोन्ही बाजूचे नगरसेवक त्यांच्याकडे बघून आपापल्या परीने खात्रीचं हसत होते. मुख्याधिकारी घाटावरचे, नवीन आलेले, चेहऱ्यावर घाम आणि हातात दोन ठराव. दोन्ही ठराव वाचून झाले आणि नगराध्यक्षांनी वयनींना त्यांचं मत विचारलं.

वयनी उभ्या राहिल्या. मनात कुठलीही तयारी नव्हती, हे त्यांनी नंतर सगळ्यांना सांगितलं आहे. त्यांनी सुरुवात केली ती सभेच्या मराठीत.

“अध्यक्षसाहेब, माझं माहेरचं नाव सीता. लग्न झालं आणि इकडच्यांनी लक्ष्मी ठेवलं. वर्षभर कोणी लक्ष्मी म्हणून हाक मारली तर मी मागे वळून बघायचे, कोणाला बोलावतायत म्हणून. मग सवय झाली.” इथे त्या थांबल्या, आणि पुढचं आपोआप मालवणीत आलं. “सवय वायट नाय. पण आवस गेली, बापूस गेलो, भाव गेलो. बहीण माका ताई म्हणता. आता माका सीता म्हणान हाक मारणारा कोणच उराक नाय. नाव काढून टाकताना इतक्या तरी मनात असान द्या. माझां आणखी काय म्हणणा नाय.”

त्या बसल्या.  नगराध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग एकेक करून दोन्ही बाजूंना वाटायला लागलं की वयनी आपल्याच बाजूने बोलल्या. सत्यवानचं म्हणणं, नाव साधं ठेवा असा वयनींचा भाव आहे, म्हणजे मार्ग. दत्तप्रसादचं म्हणणं, नावात मान हवा असा त्यांचा भाव आहे, म्हणजे लोकनेते आणि पथ. आवाज चढले. वयनींना पुन्हा विचारावं, असं दोन्हीकडून आलं.

तेवढ्यात मुख्याधिकाऱ्यांनी भीतभीत सुचवलं की रस्ता लांब आहे, तो दोन भागांत दाखवता येईल. जेटीकडचा अर्धा मार्ग, स्टँडकडचा अर्धा पथ. दोन पाट्या, दोन अनावरणं. ते वाक्य पुरं होण्याआधीच वयनींचा हात वर गेला होता. सुटकेच्या आनंदात त्यांनी तो इतका झटकन वर केला की शेजारच्या नगरसेविकेच्या अंगावर पाण्याचा पेला सांडला. त्यांच्यामागून बाकीचे हात वर गेले आणि ठराव एकमताने पास झाला.

रस्त्याचा मध्य कुठे येतो, हे कुणी विचारलं नव्हतं. चार दिवसांनी टेप घेऊन माणसं आली, जेटीकडून मोजत मोजत निघाली आणि ‘गुरुदास टेलर्स’च्या भिंतीवर येऊन थांबली. दरवाजा मार्गावर आला, खिडकी पथावर. वयनी मशीन थांबवून बाहेर आल्या. त्यांनी ती खडूची रेघ बघितली, मग माणसांकडे बघितलं, आणि रेघ थोडी पुढे सरकवता येईल का, असं नगरसेविकेच्या आवाजात विचारलं. सरकवता येत नाही, ठराव एकमताचा आहे, असं त्यांना सांगण्यात आलं.

अनावरण एकाच दिवशी एकाच मुहूर्तावर झालं, कारण मुहूर्त दोघांना एकाच भटजींनी दिला होता. दुकानाच्या दोन बाजूंना दोन मांडव, दोन लाउडस्पीकर, दोन्हीकडे आंबापिवळ्या पताका. एकीकडचं भाषण दुसरीकडे ऐकू येत होतं, आणि ते एकच भाषण होतं असं ऐकणाऱ्यांना वाटत होतं. वयनींना दोन्ही स्टेजवर खुर्ची ठेवली होती. एकीवर बसायचं तर दुसरीचं काय, म्हणून त्या कामाचं निमित्त काढून दुकानातच राहिल्या.

तेवढ्यात दारात एक रिक्षा थांबली आणि भाऊसाहेबांच्या पत्नी अक्का उतरल्या. ऐंशीच्या पुढच्या, वाकलेल्या, हातात काठी. वयनी लगबगीने पुढे झाल्या आणि कुठल्या स्टेजकडे सोडू, असं त्यांनी विचारलं.

“माका दोघांनीय बोलावल्यानी,” अक्का म्हणाल्या. “एकाकडे गेलंय तर दुसरो रागावतलो. माका हंयसर बसाक दी.”

वयनींनी त्यांना पंख्याखाली खुर्ची दिली आणि स्टोव्हवर चहा ठेवला. बाहेर सत्यवान सांगत होता की या रस्त्याचा कण न् कण भाऊसाहेबांच्या पायांना ओळखतो. अक्का ऐकत होत्या. मग त्या बारीक हसल्या.

“हे ह्या रस्त्यार कधी चलले नायत गो. दारात गाडी बसाक, दारात गाडी उतराक. चललंय ती मियां. बाजाराक, देवळाक, झिलाक शाळेत सोडूक. पण बायलेच्या पायांचां कोण नाव ठेवता?”

 वयनींनी चहाचा कप पुढे केला. अक्कांनी तो बशीत ओतला, फुंकर मारली आणि म्हणाल्या, “तू सभेत काय बोललंस, ता माका कळला. चाय बरी झाली हा, सीता.”

वयनींनी पटकन खिडकीकडे तोंड केलं आणि पडदा नीट लावू लागल्या. तो पडदा नीटच होता. त्याच वेळी बाहेर दोन्हीकडे दोऱ्या ओढल्या गेल्या आणि टाळ्या झाल्या. पथाच्या बाजूचा पडदा अर्ध्यावर अडकला. दत्तप्रसादने जोरात ओढला तेव्हा तो कडेला फाटला. ही कडा वयनींनी शिवली होती, हे मी वेगळं सांगायला नको.

त्यानंतर वयनींच्या मागे पत्त्याचं लचांड लागलं. बँकेने दरवाजा धरून पत्ता लिहिला, गॅसवाल्याने खिडकी धरून. मुंबईहून कुरिअरने पाठवलेली अपेक्षाची पुस्तकं दोनदा परत गेली. रहिवासी दाखल्याला नगरसेविकेची शिफारस लागते, ती वयनींनी स्वतःची स्वतःला दिली. पण त्या शिफारशीवरही मार्ग लिहायचा की पथ, यावर कारकुनाने त्यांना थांबवून ठेवलं. हे सगळं आपल्या एका हातामुळे झालं, हे त्या कबूल करत नाहीत. मुख्याधिकारी घाटावरचे होते, त्यांना किनाऱ्यावरच्या रस्त्यांचं काय कळणार, एवढंच म्हणतात. स्वतः घाटमाथ्यावरच्या आंबोलीच्या आहेत, ते अशा वेळी त्यांना आठवत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर मूळ आणि अस्सल एक झाले. पुढची निवडणूक जवळ आली होती, शिवाय सत्यवानच्या मुलाने दत्तप्रसादच्या पुतणीशी लग्न ठरवलं. आता गावात एकच आघाडी आहे, कंस गेला आहे, आणि रस्त्याला मात्र दोन नावं आहेत. ती एक करायची तर कुठलं काढायचं, हा प्रश्न व्याह्याव्याह्यांत कुणी काढत नाही. वयनींचा वॉर्ड पुढच्या वेळी सर्वसाधारण होणार असं बोलतात. आपल्याला आता राजकारणात काही गोडी नाही, असं त्या बाकड्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, आणि सर्वसाधारणमध्ये बायका उभ्या राहू शकतात का, हेही त्यालाच विचारतात.

अक्का मात्र दर शनिवारी संध्याकाळी दुकानात येतात. मशीन झाकून वयनी त्यांच्याबरोबर बाहेर पडतात. दोघी जेटीपर्यंत जातात, तिथून फिरून स्टँडपर्यंत. अक्का प्रत्येक घरासमोर उभ्या राहून तिथे पूर्वी कोण राहायचं ते सांगतात, आणि वयनी तिथे आता काय चाललंय ते सांगतात. यात अंधार पडतो. स्टँडवर पोचल्यावर अक्कांचे पाय दुखायला लागतात, मग दोघी कँटीनमध्ये गरम कांदाभजी खातात. डॉक्टरांनी अक्कांना तळलेलं बंद केलं आहे, ही गोष्ट वयनींनी अजूनपर्यंत कुणाला सांगितलेली नाही. मला सांगितली, ती गुपित म्हणून.